देवबागचा डॉक्टर आणि १९४६ चा कायदा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंजच येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले खोकले आणि गाडीचे हॉर्न काढलेत.

आजचा विषय आहे कामगार कायदा. थांबा, पळू नका! कलम, पोटकलम, परिशिष्ट असलं काही पाठ करायला लावणार नाही. एक गोष्ट सांगतो. ती सुरू होते मालवण तालुक्यात, जाते लालबाग-परळला आणि परत येते मालवणलाच.

देवबाग

देवबागला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असाल. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. टोकाला गेलं की संगम, समोर भोगवे. रीलमध्ये जे निळं पाणी आणि केळ्याच्या आकाराची बोट दिसते ना, ते इथलंच.

गेल्या सीझनला मी तिथे एका बोटीवर होतो. बोटीवर एक खलाशी पोरगा होता, वीस-बावीसचा. पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देत होता, दोरी ओढत होता, मधेच एका काकांना उलटी झाली तर तेही बघत होता. मी सहज विचारलं, पगार कसा मिळतो, काही लिहून दिलंय का? तो हसला. म्हणाला, "लिवन कित्याक व्हया? मालक आपलोच आसा, गावातलोच."

मालक खरंच त्याच्या वाडीतला होता आणि माणूसही चांगला होता. त्यामुळे मला पुढे काही बोलता येईना. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण ज्या गावात तो पोरगा हे बोलला, त्याच देवबागात २१ नोव्हेंबर १९३२ रोजी एक मुलगा जन्मला होता आणि पुढे त्याने मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप चालवला. त्याचं नाव दत्ता सामंत.

चाकरमानी म्हणजे कोण?

आधी थोडं मागे जाऊ. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. कंपनी स्थापन झाली १८५४ मध्ये, ताडदेवला. त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसं लागली. ती आली कोकणातून आणि घाटावरून. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळा रत्नागिरीच. मालवण, वेंगुर्ले, देवगडहून आगबोटीने मुंबई गाठायची, गावकीच्या खोलीत पथारी टाकायची आणि खानावळीत जेवायचं. एकाच खोलीत पाळ्या लावून माणसं झोपायची. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा.

'चाकरमानी' हा शब्द आपण आज गणपतीच्या ट्रॅफिक जॅमपुरता वापरतो. पण कोकणच्या कित्येक घरांत चूल पेटायची ती चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर. 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असं कोकणाला उगाच म्हणत नाहीत.

आणि नोकरी लागायची कशी? जॉबरच्या ओळखीने. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. भरती त्याच्या हातात. त्याच्या मर्जीतले असाल तर काम, नसाल तर गेटवर उभे. बऱ्याच जणांना कायम नोकरी नव्हतीच, ते 'बदली' होते. कोणी आजारी पडलं किंवा गावी गेलं तर त्या दिवसापुरतं काम. वर्षानुवर्षं बदलीवर काढलेली माणसं होती. कागद नाही, हमी नाही, सगळं ओळखीवर. देवबागच्या त्या पोराचं वाक्य आठवलं ना?

रविवार कोणी दिला?

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या ऐका. आठवड्यात एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर मोठी इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार.

आज हे सगळं आपल्याला किती साधं वाटतं! पण मिळायला किती वेळ लागला बघा. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली, म्हणजे सहा वर्षांनी. इजेच्या भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, म्हणजे एकोणचाळीस वर्षांनी. पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६ चा. बावन्न वर्षं! ज्यांनी अर्जावर सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी तो दिवस पाहिलाही नसेल.

आपल्या एचआरच्या मेलमध्ये 'कंप्लायन्स' असा एक कोरडा शब्द असतो. त्या यादीतल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे असं काहीतरी आहे.

तुमच्या वतीने कोण बोलणार?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पगार किती, सुट्टी किती, हे प्रश्न सोपे वाटावेत असा एक प्रश्न आहे: कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी?

१९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. संपाच्या आधी समेटाची लांबलचक प्रक्रिया सक्तीची आणि ती टाळून संप केला तर शिक्षा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा विधिमंडळात होते. त्यांनी कडाडून विरोध केला. संप केला म्हणून शिक्षा करणं म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवून घेणं, गुलाम करणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि एक दिवसाचा संप झाला. एरवी ह्या दोघांचं फारसं पटत नव्हतं, हे लक्षात घ्या.

मग आला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. इंग्रजी आद्याक्षरांवरून कामगार त्याला 'बी.आय.आर.' म्हणायचे. तेव्हाच्या मुंबई सरकारात गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री होते, त्यांच्या काळात तो मंजूर झाला. कायद्याची कल्पना अशी: एका भागातल्या एका उद्योगात, समजा मुंबईतल्या सुती कापड धंद्यात, एकच 'प्रातिनिधिक' युनियन असेल. तिचे सभासद किमान २५ टक्के हवेत. मालकांशी बोलणी तीच करणार, करारावर सही तीच करणार आणि तो करार सगळ्यांना लागू.

हिशोब करा. अडीच लाख कामगार असतील तर साठ-पासष्ट हजार सभासद पुरेसे. उरलेले दोन लाख म्हणतील, ही युनियन आम्हाला नको, तरी कायद्याच्या दृष्टीने तुमच्या वतीने तीच बोलणार. मुंबईच्या कापड धंद्यात ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. गुप्त मतदान घ्या आणि कामगारांनाच ठरवू द्या, अशी विरोधी युनियनांची मागणी होती. ती काही मान्य झाली नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. कायदा करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. एका गिरणीत पाच युनियन असतील तर मालक बोलणार कोणाशी? एकाशी करार केला की दुसरी संप करणार. एकच आवाज असेल तर कामगारांची ताकदही वाढते. प्रश्न एवढाच होता की तो आवाज कामगारांचा आहे, हे तपासायचं कसं? आणि नसेल तर बदलायचा कसा? कागदावर वाट होती, पण प्रत्यक्षात दार उघडता येईना.

डॉक्टर

दत्ता सामंत हे खरेखुरे डॉक्टर, एम.बी.बी.एस. घाटकोपरला दवाखाना. पेशंट कोण? आसपासच्या दगडखाणींत काम करणारे मजूर. खाणीतली धूळ, जखमा, वर मजुरी तुटपुंजी. औषध देऊन माणूस परत त्याच खाणीत पाठवायचा आणि महिन्याने तो परत तसाच येणार. ह्यातून ते युनियनकडे वळले. पुढे आमदार झाले. काँग्रेसमध्ये असूनही आणीबाणीत तुरुंगात गेले. बाहेर आले तेव्हा कामगारांत त्यांचं नाव आणखी मोठं झालं होतं.

त्यांची पद्धत इतरांहून वेगळी होती. मालकाचा ताळेबंद काय सांगतो ह्याच्याशी त्यांना फार देणंघेणं नव्हतं. कामगाराला जगायला किती लागतं, तेवढं मागायचं आणि मिळेपर्यंत हटायचं नाही. इंजिनिअरिंग, औषध कंपन्यांत त्यांनी घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या. हिंसाचाराचे आरोपही झाले. मालक त्यांना घाबरायचे आणि दुसऱ्या युनियनांचे पुढारीही.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत ठिणगी पडली. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार कामगारांना पटला नाही. ते स्वतःच घाटकोपरला डॉक्टरांकडे गेले, आमचं नेतृत्व करा म्हणाले. कापड धंदा हे सामंतांचं क्षेत्र नव्हतं. तरी ते तयार झाले.

१८ जानेवारी १९८२. संप सुरू. साठाहून जास्त गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करा ही होती आणि बी.आय.आर. कायदा रद्द करा ही पण होती. म्हणजे ज्या कायद्याने कामगारांच्या वतीने कोण बोलणार हे ठरवून टाकलं होतं, त्यालाच हात घातला होता.

इथे एक गंमत बघा. गंमत कसली, शोकांतिकाच. कायद्याच्या चौकटीत पाहिलं तर गिरणीमालक बरोबर होते. मान्यताप्राप्त युनियनशी त्यांचा करार होता. सामंतांच्या युनियनशी बोलायचं बंधन नव्हतं. संप बेकायदा ठरला. सगळ्या कागदांवर बरोबरची खूण होती आणि सगळ्या गिरण्या बंद होत्या! नियम पाळले म्हणजे माणसं सोबत आहेत असं होत नाही. हे मुंबईने तेव्हा फार महागात शिकून घेतलं.

गावाने सांभाळलं, पण किती?

संपाच्या काळात पगार बंद. कित्येक कामगार गावी परतले. कोकणात शेती लावली, तांदूळ खाल्ला, पेज खाल्ली. चाकरमानी गावाला पोसायचा, आता गाव चाकरमान्याला पोसत होतं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला होता. म्हणजे नव्या जिल्ह्याचं पहिलं वर्षही भरलं नव्हतं, आणि त्यांच्या घरची मनीऑर्डर थांबली.

तिकडे मालकांना घाई नव्हती. गोदामांत कापड पडून होतं, भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते आणि जुन्या गिरण्यांच्या यंत्रांपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त भाव येऊ लागला होता. सरकारलाही सामंतांना जिंकू द्यायचं नव्हतं. कापडात जिंकले तर उद्या दुसऱ्या धंद्यांत शिरतील ही भीती.

सामंतांचीही चूक होतीच. संप सुरू करायची ताकद त्यांच्याकडे होती, संपवायची वाट त्यांनी ठेवली नाही. मधेच थोडं घेऊन मागे येणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तो स्वभावच आधी त्यांना जिंकवत आला होता.

हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये तो विरत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचा ताबा घेतला. लाखभर कामगारांना नोकरी परत मिळालीच नाही. तरीही डिसेंबर १९८४ मध्ये, देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण-मध्य मुंबईतून दत्ता सामंत खासदार झाले. हरलेल्या संपाच्या पुढाऱ्याला कामगारांनी लोकसभेत पाठवलं. युनियन निवडायला त्यांना कधी मतपेटी मिळाली नव्हती. खासदार निवडायला मिळाली, तेव्हा त्यांनी सांगितलं, आमच्या वतीने कोण बोलणार ते.

१६ जानेवारी १९९७ रोजी पवईला, घरातून कामाला निघाले असताना, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संपाला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस होते.

आणि आता?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तारीख बघितलीत? सामंतांचा वाढदिवस. निव्वळ योगायोग. पण त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत तोच जुना प्रश्न आहे. एका आस्थापनेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार, ती बोलणी करणार. कोणाकडेच तेवढे नसतील तर किमान २० टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून परिषद. २५ वरून ५१, हा फरक लहान नाही. दुसरीकडे, संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांत सक्तीची झाली आणि कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. कोणाला हे सुधारणा वाटतं, कोणाला गळचेपी. तुम्ही वाचा आणि ठरवा.

पण मला परत देवबागला जायचंय. कारण तिथे ३०० सोडा, तीस कामगार असलेली जागाही सापडायची मारामार. होमस्टेला दोन मावशी स्वयंपाकाला, एक पोरगा खोल्यांना. बोटीवर तिघं. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन माहिती द्यायची. सप्टेंबर २०२५ मध्ये ही दहाची मर्यादा वीसवर न्यायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. छोट्या धंदेवाल्याची कागदपत्रांतून सुटका, हे एक खरं. पण किमान वेतन आणि कामावरच्या इजेची भरपाई ह्या जबाबदाऱ्या माणसं कमी आहेत म्हणून गायब होत नाहीत, हे दुसरं खरं. पहिलं सगळ्यांना माहीत असतं.

आणि त्याच बोटीत आणखी एक माणूस बसलेला असतो. पर्यटक, म्हणजे ग्राहक. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत बसण्याआधी आपण 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेल्या कागदावर सही करतो ना? तेवढ्याने धंदेवाल्याची सगळी जबाबदारी संपत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हयगय झाली तर दाद मागायचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिला आणि २०१९ च्या कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांविरुद्धही तरतूद आली. फसवणूक झाली तर १९१५ हा हेल्पलाइन नंबर फोनमध्ये ठेवा.

आता विचार करा. पर्यटकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा कोण बांधतो? तो खलाशी पोरगा. तो सकाळपासून सलग दहावी फेरी मारत असेल, त्याला सुट्टी नसेल, दमलेला असेल, तर तो पट्टा सैल राहू शकतो. कामगार कायदा आणि ग्राहक कायदा ही सरकारी फायलींतली दोन वेगळी खाती असतील. बोटीत ती एकाच फळीवर बसलेली असतात.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी होमस्टे असेल, बोट असेल, काजूचा छोटा कारखाना असेल, तर वकिलाकडे जायच्या आधी एवढं करा. कामाला ठेवलेल्या माणसाला एक पानभर लिहून द्या: काम काय, पैसे किती, सुट्टी कधी. पैसे खात्यात टाका, म्हणजे नोंद राहते. कामावरच्या माणसांचा आणि बोटीत बसणाऱ्यांचा विमा काढा. उद्या काही झालंच तर तो कागद मालकाच्याही उपयोगाला येतो. आपला माणूस आहे म्हणून लिहून देत नाही, असं आपण म्हणतो. अहो, आपला आहे म्हणूनच लिहून द्या ना!

गिरणीतला जॉबरही अनेकदा गावातलाच असायचा. आपलाच असायचा. तरी बदली कामगार वर्षानुवर्षं बदलीच राहिला.

त्या पोराला मी हे सगळं काही सांगितलं नाही. बोट किनाऱ्याला लागली, त्याने हात देऊन एकेकाला उतरवलं आणि पुढच्या फेरीसाठी लाइफ जॅकेट गोळा करायला लागला. दत्ता सामंत कोण, हे त्याला माहीत असेल का, हे विचारायचं राहून गेलं. पुढच्या सीझनला जाईन तेव्हा विचारणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. घरात कोणी आजोबा, मामा, काका गिरणीत होते का, विचारा. असतील तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि एकच प्रश्न विचारा: संपात तुम्ही कुठे होतात? मग गप्प बसा आणि ऐका. चांगली गजाल मिळाली तर आम्हालाही कळवा.

भेटू पुढच्या भागात.